धरणापासून दारापर्यंत

पुण्यात राहणाऱ्या बाईने पुण्याचंच प्रवासवर्णन लिहावं, यात थोडा आगाऊपणा आहे हे मला मान्य आहे. शाळेतल्या सहकाऱ्यांनी तो बोलूनही दाखवला. तीन दिवसांची रजा कशाला हवी, असं एकीने विचारलं. मी म्हटलं, खडकवासल्याला जायचंय. "आणि मग?" "मग चालत घरी यायचंय." स्टाफरूममध्ये कुणीच काही बोललं नाही. पुण्यात असं गप्प राहणं हाच शेरा असतो.

पण मुठा नदीच्या काठाने धरणापासून खाली चालत कोण गेलंय? जवळजवळ कुणीच नाही. न गेलेल्या त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. आणि एक आधीच सांगून टाकते, मी हौसेने गेले नव्हते. मला भीती वाटत होती म्हणून गेले.

मी छप्पन्न वर्षांची आहे, शाळेत भूगोल शिकवते. आमचं घर सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला, नदीच्या अंगाला, तळमजल्यावर होतं. खिडकीतून नदी दिसायची नाही. सोसायटीची भिंत दिसायची, आणि नदी भिंतीपलीकडे. ही भिंत आपल्याला पुरेशी आहे असं आम्ही बरीच वर्षं समजत होतो. मग एका पावसाळ्यात धरणातून जास्त पाणी सोडलं आणि ते घरात आलं. घोट्यापर्यंतच होतं. पुढच्या पावसाळ्यात आलं नाही, आणि ते वर्ष सगळ्यात वाईट गेलं, कारण ते पूर्ण वाट बघण्यात गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी आलं ते कमरेपर्यंत.

विसर्ग हा शब्द बाकीच्यांना व्याकरणातून माहीत असतो. आम्हाला तो फोनवर येणाऱ्या संदेशातून माहीत आहे. 'विसर्ग वाढवण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' सतर्क राहून नेमकं काय करायचं हे त्यात कधीच लिहिलेलं नसतं. मी जुलै लागला की वर्गात शिकवतानाही फोन टेबलावर उलटा ठेवायची आणि दर थोड्या वेळाने सुलटा करायची. शेजारच्या बाथरूममध्ये बादली भरण्याचा आवाज आला तरी मी उठून दाराखालची फट बघून यायची.

अशोक, म्हणजे माझे यजमान, एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी या संकटाला ड्राफ्ट्समनसारखंच उत्तर दिलं. आधी फ्रिज विटांवर चढवला, मग कपाट, मग दोन्ही पलंग. दुसऱ्यांदा पाणी आल्यावर विटांचा दुसरा थर आला. आमचं घर असं हळूहळू वर चाललं होतं आणि छत जिथल्या तिथे होतं. घर बदलू या म्हटलं की ते म्हणायचे, "अजून एक पावसाळा बघू." त्या घरातली प्रत्येक फळी त्यांनी स्वतः मापं घेऊन बसवली होती. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाले, "हे घर सोडायचं म्हणजे..." आणि पानावरून उठून हात धुवायला गेले.

कधी सोडायचं, हे मलाही ठरवता येत नव्हतं. पाणी ओसरलं की वाटायचं, आता कशाला. पाणी चढलं की वाटायचं, आता कसं.

ही यातायात बघून माझ्या नणंदबाई, शैलाताई, एक दिवस म्हणाल्या, "इतकी वर्षं ज्याला घाबरतेस ते एकदा डोळ्यांनी बघून तरी ये. भूगोल शिकवतेस ना?" शैलाताई अशोकपेक्षा मोठ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, सदाशिव पेठेत एकट्या राहतात आणि गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी बघत फिरतात. त्यांनीच बेत आखला. पहिल्या दिवशी खडकवासल्याहून आमच्या घरापर्यंत, दुसऱ्या दिवशी शहरातून, तिसऱ्या दिवशी खाली लोणी काळभोरकडे. पात्रात उतरायचं नाही, काठाकाठानेच जायचं, ही माझी अट.

"नदीला विचारायला चाललीस का, राहू की जाऊ म्हणून?" अशोकनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"बरं. उत्तर लेखी घे."

खडकवासला

स्वारगेटहून बस धरणाशी उतरवते तेव्हा आधी वास येतो तो भाजलेल्या कणसांचा. पाऊस दोन दिवस थांबला होता, पण आभाळ खाली आलेलं होतं आणि वारा ओला होता. मी याआधी इथे कितीतरी वेळा आले असेन, मुलांची सहल घेऊन, पाहुण्यांना घेऊन. पाण्याकडे पाठ करून फोटो काढलेत. या वेळी पहिल्यांदा पाण्याकडे तोंड करून उभी राहिले.

पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि फार वर होतं. मला वाटत होतं धरण म्हणजे पाणी अडवणारी भिंत. फळ्यावर मी तसंच काढते. तिथे उभं राहिल्यावर जाणवलं की आम्ही खालचे लोक त्याला वेगळ्याच कारणासाठी ओळखतो. ते पाणी सोडतं. दरवाजे बंद होते, नुसता एका कडेने थोडासा प्रवाह खाली चालला होता. एवढ्याशा प्रवाहाचा आवाजही छातीत जाणवत होता.

कणीसवाल्या बाई लिंबू चोळता चोळता म्हणाल्या, "आज काय सोडत नाहीत. उद्या-परवा सोडतील. वरची धरणं भरत आलीत."

"तुम्हाला भीती नाही वाटत इथे?" मी विचारलं.

"मी धरणाच्या वरच्या अंगाला राहते," त्या म्हणाल्या. "भीती खालच्यांना." आणि कणीस माझ्या हातात दिलं.

तिखट जरा जास्त होतं. शैलाताईंनी आपलं संपवून माझंही संपवलं. मला खाववेना.

तिथून आम्ही निघालो. नांदेड, शिवणे ही गावं आता नावापुरती गावं आहेत. काठाने चालताना एका बाजूला इमारतींच्या पाठी दिसतात, वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या टाक्या. मध्येच एखादं मेथीचं वावर शिल्लक असतं, त्याच्या बांधावर राडारोड्याचे ढीग. नाले येऊन मिळायला लागले की नाकाला रुमाल लावावा लागतो. एका ठिकाणी ओल्या मातीत माझा बूट असा रुतला की पाय बाहेर आला आणि बूट आतच राहिला. काढायला वाकले तर पलीकडून चार कुत्री भुंकत आली. शैलाताईंनी खाली वाकून दगड उचलल्याचं नुसतं नाटक केलं, कुत्री थांबली. मी बूट सोडून पळाले होते. पुढचा रस्ता शैलाताईंच्या पिशवीतल्या जुन्या चपला घालून चालले.

नदीवर झुकलेल्या एका बाभळीवर सुगरणीची घरटी लोंबत होती. काही पुरी विणलेली, काही अर्धीच सोडलेली. "नर विणतो," शैलाताई म्हणाल्या. "मादी येऊन बघते. नाही आवडलं तर तो ते तसंच टाकतो आणि नवीन घेतो विणायला. तक्रार नाही."

"माणसाला असं सोपं नसतं."

"त्यालाही नसेल. आपण विचारलंय कुठे?"

विठ्ठलवाडीच्या अलीकडे

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा आम्ही घराच्या बऱ्याच जवळ पोचलो होतो. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरचा पत्रा दुरून दिसायला लागला होता. तेवढ्यात एक टिटवी ओरडत आमच्या डोक्यावर घिरट्या घालायला लागली. इतकी खाली यायची की मी दोनदा डोकं झाकलं.

"जवळपास अंडी आहेत," शैलाताई म्हणाल्या. "मागे सरक. खाली बस. बोलू नकोस."

पात्राच्या मधोमध गोट्यांचा एक उंचवटा होता, आमच्या बैठकीच्या खोलीएवढा. दोन्ही अंगांनी पाणी वाहत होतं. टिटवी तिथे उतरली. डोळ्यापुढे लाल, पाय लांब आणि पिवळे. आपलं इथे काहीच काम नाही असं दाखवत ती इकडेतिकडे चालली आणि मग गोट्यांवर बसली. दुर्बीण लावूनसुद्धा मला अंडी दिसायला वेळ लागला. चार होती, गोट्यांच्याच रंगाची. घरटं असं नव्हतंच, नुसता एक खळगा आणि त्याच्या भोवती खडे.

थोड्या वेळाने ती उठली. चोचीत एक खडा धरला आणि स्वतःच्या दिशेने टाकला. मग दुसरा. मग अंड्यांशी मान घालून काहीतरी सारखं केलं.

"काय करतेय?" मी कुजबुजले.

"घरटं उंच करतेय. पाणी चढतंय हे तिला कळलंय. खडे आणून अंड्यांखाली सारते. मी हे आयुष्यात एकदाच पाहिलं होतं याआधी."

मला पाणी चढताना दिसत नव्हतं. मी पाण्याच्या कडेचा एक पांढरा दगड लक्षात ठेवला. आम्ही उठलो तेव्हा तो ओला होता.

शैलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या फ्रिजखालच्या विटा त्यांनीही पाहिल्या होत्या.

प्रवासातला पहिला मुक्काम स्वतःच्याच घरी होता. अशोकनी दारातच सांगितलं, "पाहुण्यांनी पाय धुऊन आत यावं." पिठलं-भात तयार होता. मी त्यांना टिटवीबद्दल सांगितलं. ते ऐकत होते, आणि मधेच म्हणाले, "हुशार आहे. किती उंच केलं तिने?" मला त्याचं हसू यायला हवं होतं. आलं नाही.

सकाळी उजाडल्यावर आम्ही परत तिथे गेलो. फोनवर काही संदेश नव्हता, पण पाणी वाढलं होतं. उंचवटा आता चटईएवढा उरला होता. टिटवी बसलेली होती. तिच्या पोटाखाली आता खड्यांची एक छोटी ओटी झाली होती आणि पाणी त्या ओटीला टेकलं होतं. जोडीदार काठावर होता. काल सगळा परिसर डोक्यावर घेणारे हे पक्षी आज गप्प होते. त्या गप्प बसण्याने मला जास्त भीती वाटली.

ती आणखी दोनदा उठली, खडे आणले. खडे आणायला आता जागा उरली नव्हती, पाण्यात चोच घालून काढत होती. मग पाणी अंड्यांवरून गेलं. क्षणभर अंडी पाण्याखाली तशीच्या तशी दिसत होती. ती बाजूला उभी राहिली. पाय ओले. एकदा वाकली, चोच लावली, सरळ झाली. आणि उडाली. काठावर जोडीदाराजवळ उतरली, थोडं वर चालत गेली आणि गवतात किडे टिपायला लागली.

"संपलं," शैलाताई म्हणाल्या.

मी रडत होते, हे मला त्यांनी रुमाल दिला तेव्हा कळलं. "तिने आधीच उठायला हवं होतं," मी म्हटलं.

"आधी उठली असती आणि पाणी आलंच नसतं तर? कावळ्यांनी नेली असती अंडी."

"मग तिला कसं कळलं आत्ताच उठायचं ते?"

शैलाताईंनी दुर्बिणीच्या काचा पुसल्या. पुसून झाल्यावर म्हणाल्या, "मला विचारशील तर तिला पाण्याचं काही कळलं नाही. तिला एवढंच कळतं की मोसम अजून शिल्लक आहे. पंधरा-वीस दिवसांत वरच्या अंगाला परत घालेल अंडी. बुडेपर्यंत बसून राहिली असती तर कोण घालणार होतं?"

आम्ही पुढे चालायला लागलो. मी छप्पन्न, अशोक बासष्ट. आमचा मोसम किती शिल्लक आहे, हा विचार मला पाण्यापेक्षाही भयंकर वाटला. इतके दिवस मी पाणी कुठपर्यंत येईल एवढंच मोजत बसले होते.

भिडे पूल

शहरात शिरल्यावर नदीला माणसांची सवय होते आणि माणसांना नदीची. डेक्कनशी आम्ही मिसळ खाल्ली. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा वेटरला सांगत होते, "पाव गरम आणा म्हणालो होतो, गार पाव आणि गरम पाणी नव्हे." भोवताली असं सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. तेवढ्यात फोन वाजला. दुपारपासून विसर्ग सुरू करणार असल्याचा संदेश होता.

आम्हाला पलीकडे, नारायण पेठेकडे जायचं होतं. भिडे पूल इतका बुटका आहे की पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो, आणि गेला की गावभर बातमी होते. आम्ही पुलावर आलो तेव्हा पाणी पुलाच्या बरंच खाली होतं. मधोमध आल्यावर मी कठड्यापलीकडे पाहिलं. जलपर्णीचा एक मोठा पुंजका, त्यात अडकलेलं कुणाचं तरी प्लास्टिकचं स्टूल, असं सगळं संथपणे पुलाखाली शिरलं. दुसऱ्या बाजूने बाहेर आलं का ते मला बघवेना. पाऊल पुढेही टाकता येईना आणि मागेही.

"स्मिता," शैलाताई म्हणाल्या. "चल."

"येत नाहीये."

मागून पूल बंद करायला आलेला वाहतूक पोलीस आला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, फोटो काढून झाले असतील तर निघा. पुलाच्या आंघोळीची वेळ झाली."

मग त्याला माझा चेहरा दिसला असावा. त्याचा आवाज बदलला. "काकू, माझ्याकडे बघा. खाली नका बघू." तो माझ्यापुढे पाठमोरा चालायला लागला, शैलाताईंनी माझं कोपर धरलं, आणि त्याच्या शर्टाच्या शिवणीवर नजर ठेवून मी पूल पार केला. पलीकडे पोचल्यावर त्याने अडथळे आडवे लावले आणि पुढच्या मोटारसायकलवाल्यावर ओरडायला लागला. आभार मानायचे राहूनच गेले.

त्या दिवशी मुळा-मुठेच्या संगमापर्यंत जायचं होतं, ते रद्द केलं. शैलाताईंकडे सदाशिव पेठेत राहिलो. मी अशोकना फोन केला. "सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "पाणी भिंतीच्या खूप खाली आहे. तिसरा थर लावतोय."

"वर देशपांडे वहिनींकडे जाऊन बसा ना."

"त्यांच्याकडे मालिका असतात. मी पाण्यातच बरा."

लोणी काळभोर

सकाळी विसर्ग कमी केल्याचा संदेश आला. अशोक म्हणाले, तू जाऊन ये, एवढं ठरवलंयस तर. म्हणून स्वारगेटवरून बस धरली. काठाने चालणं आता शक्य नव्हतं.

लोणी काळभोरला शैलाताईंच्या ओळखीच्या सुमनबाई राहतात. त्यांच्या बांधावर शैलाताई दर हिवाळ्यात पक्षी बघायला जातात. नदी त्यांच्या शेताच्या टोकाला आहे. पुण्याने जे काही सोडलेलं असतं ते सगळं इथून जातं, फेसासकट. पाणी फुगलेलं होतं, पण पसरलेलं होतं. शहरातल्यासारखं भिंतींत कोंडलेलं नव्हतं.

जेवायला भाकरी, शेवग्याच्या शेंगांचं कालवण, ठेचा. आमच्याकडे आमटीत गूळ घालतात, असं मी बोलून गेले, तर सुमनबाईंनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं पाहिलं आणि आणखी ठेचा वाढला.

जेवताना शैलाताईंनी माझी गोष्ट काढली. सुमनबाई ऐकत होत्या. मग हात धुऊन मला बाहेर घेऊन गेल्या आणि खाली नदीकडे बोट दाखवलं. झाडीत एक पडकी भिंत दिसत होती.

"त्ये आमचं जुनं घर हाय. मी लगीन हून आले ती तिथंच. एका साली पानी वसरीवर आलं. मी मालकास्नी म्हनलं, मी पोरं घिऊन मळ्यात ऱ्हाते, वर. मामंजी लई चिडले. पर आम्ही वर घर घातलं."

"मग पुन्हा पाणी आलं?"

"न्हाई," सुमनबाई म्हणाल्या. "त्या घराला परत कधी पानी लागलंच न्हाई. मामंजी रोज खाली जाऊन वसरीवर बसायचे. दर पावसाळ्याला मला म्हनायचे, बघ, आलं का पानी? जाईपातुर म्हनायचे."

मी विचारलं, "मग चुकलं असं वाटतं?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मी त्यास्नी म्हनायची, मामंजी, पानी न्हाई आलं, पर मला झोप आली."

त्याच वेळी शैलाताई फोन घेऊन बाहेर आल्या. वरच्या धरणांच्या क्षेत्रात पाऊस वाढला होता आणि विसर्ग एकदम मोठा केला होता. मी अशोकना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. मग तो बंद लागला.

परत

लोणीहून घरापर्यंतच्या रस्त्याचं वर्णन मला करता येणार नाही, कारण मी तो पाहिलाच नाही. हडपसरला गाड्या अडकल्या होत्या एवढं आठवतं. शैलाताईंनी माझा हात धरून ठेवला होता. देशपांडे वहिनींचा नंबर माझ्याकडे नव्हता. इतकी वर्षं त्या माझ्या डोक्यावर राहतात आणि मला कधी गरज पडली नव्हती. मनात एकच चित्र यायचं. तिसरा थर लावलेला पलंग, त्यावर बसलेले अशोक, आणि ते आणखी एक वीट शोधताहेत.

स्वारगेटवरून रिक्षा मिळाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोलिसांनी अडवलं. मी सांगितलं, घर आहे माझं. गल्लीत पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं, गार आणि घाण. घरी बदलायच्या राहिलेल्या शैलाताईंच्या सैल चपला पायातून निसटल्या, त्या वाहत गेल्या. मी अनवाणी चालत राहिले. पाण्याखाली पायाला काय लागतंय हे कळत नव्हतं. भिंत एका बाजूने खचली होती.

अशोक जिन्यात बसले होते. पहिल्या मजल्याच्या वळणावर, भिंतीला टेकून, एक पाय लांब केलेला. घोटा सुजून नारळाएवढा झाला होता. बाजूला देशपांडे वहिनींनी दिलेला चहाचा कप. मी तिथेच, ओल्या साडीने, त्यांच्या खालच्या पायरीवर बसले. शैलाताई खाली कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

"फोन पाण्यात पडला," ते म्हणाले. "कपाट उचलताना पाय मुरगळला." मग खाली आमच्या दाराकडे बोट केलं. पाणी पार्किंगमधून वर चढून आमच्या दाराच्या दोन पायऱ्या खाली थांबलं होतं. "बघ. नाही आलं."

मला सुटकेचा निःश्वास येईल म्हणून मी थांबले. तो आला नाही. पाणी घरात शिरलं नव्हतं, माझा माणूस सुखरूप समोर होता, आणि तरी मला आनंद झाला नाही. तेव्हा मला समजलं की माझं उत्तर पाण्यावर अवलंबून राहिलेलं नाही.

"अहो," मी म्हटलं, "पाणी आलं असतं तर मी म्हटलं असतं, आपण जाऊ या. नाही आलं, तरी मी तेच म्हणतेय."

"मग पाण्याचा संबंध काय राहिला?"

"पाण्याचा नाहीच. आपल्या हातात किती वर्षं आहेत, त्याचा आहे. ती मला वाट बघण्यात घालवायची नाहीत."

ते शैलाताईंकडे वळले. "ताई, तू हिला नेऊन काय दाखवलंस?"

"पक्षी," शैलाताई म्हणाल्या.

अशोकनी दुखरा पाय हातांनी उचलून जवळ घेतला. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू बोलले. "मी पडलो तेव्हा मला उठता येईना. पाणी पायरीपर्यंत आलेलं दिसत होतं. वहिनींना हाक मारायची लाज वाटत होती. तसाच पडून राहिलो. शेवटी वहिनीच खाली आल्या." त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "मला वाटायचं घाबरतेस ती तू."

मी त्यांचा हात हातात घेतला. कागदावर पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा हात.

आम्ही त्या आठवड्यात पळालो नाही. पाणी उतरलं, पाय बरा झाला, पाऊस सरला. आभाळ अगदी स्वच्छ असताना, कुठलाही संदेश नसताना, आम्ही सामान हलवलं. लोक विचारत होते, आता कशाला, पाणी तर गेलं. अशोकनी प्रत्येक फळीचे स्क्रू स्वतः काढले. शेवटची फळी काढल्यावर भिंतीत राहिलेली भोकं त्यांनी पुट्टीने बुजवली. आम्ही सोडून चाललोय, तरीही.

नवीन घर धायरीच्या चढावर आहे, चौथ्या मजल्यावर. पहिल्या दिवशी सामानाच्या खोक्यांतून वाट काढत अशोक स्वयंपाकघरात गेले आणि नळ उघडला. नळ खोकला, नुसती हवा सोडली.

"स्मिता," ते आतून म्हणाले, "तुझं अगदी मनासारखं झालं. इथे नळालाही पाणी येत नाही."

शैलाताई गॅलरीत हसल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की टँकर सांगितलाय, येईल. आम्ही खोकी उघडत बसलो. संध्याकाळ झाली. मी जुनी भांडी पुसत होते, अशोक आत काहीतरी ठोकत होते. एकदम ठोकणं थांबलं आणि त्यांनी हाक मारली, "स्मिता, पाणी आलं."

मी उभी राहिले. हातातलं भांडं केव्हा खाली पडलं कळलं नाही. दाराची चौकट घट्ट धरून मी तशीच उभी होते, आणि मग आतून आवाज आला, स्टीलच्या पातेल्यात पडणाऱ्या बारीक धारेचा. मी आत गेले. पातेलं भरत आलं होतं. मी ते बाजूला घेतलं आणि धारेखाली दुसरं लावलं.